गाडी थरथरते, तिचे ऐका

(संध्याकाळच्या प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही दिवसभर राबून इथे येता. कोणी बाजारात पाठीवर पोती वाहता. कोणी गाडी चालवता. कोणी भाजी विकता. दमलेल्या माणसापुढे लांबलचक भाषण करू नये, हे मला कळते. पण मास्तराला बोलायची खोड असते. तेव्हा आज एकच गोष्ट सांगतो. ती आहे गाडीच्या ब्रेकची.

तुम्ही म्हणाल, "गुरुजींना गाडीतले काय कळते?" खरे आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस. सारा जन्म खडू-फळ्यात गेला. मला गाडी चालवता येत नाही. पण माझा पुतण्या पिकअप चालवतो. त्याच्यावर एक प्रसंग आला. त्यानंतर एका जाणत्या मिस्त्रीजवळ बसून मी सारे समजून घेतले. ते तुम्हांला सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कोणी ना कोणी स्टिअरिंगवर बसतो. म्हणून हे सर्वांनी ऐकावे.

घाटातली रात्र

आपला वाशीचा बाजार तुम्हांला ठाऊक आहेच. मुंबईचा कांदा-बटाट्याचा बाजार सन १९८१ साली इथे आला. भाजीपाल्याचा बाजार पूर्वी भायखळ्याला होता. तो सन १९९६ साली इथे आला. तेव्हापासून देशावरची भाजी रात्रभर घाट उतरते आणि पहाटे आपल्या दारात येते. मोठ्या ट्रकबरोबर आता पिकअपही पुष्कळ असतात.

माझा पुतण्या नारायणगावाहून टोमॅटो भरतो. चाकण, तळेगाव, लोणावळा करत खंडाळ्याचा घाट उतरतो. मग खोपोली, पनवेल आणि आपले तुर्भे. त्याचा हा नेहमीचा रस्ता.

एके दिवशी तो माझ्याकडे चहाला आला. बोलता बोलता म्हणाला, "काका, ब्रेक मारला की गाडी थरथरते. सरळ थांबत नाही. हिसके देत थांबते."

मी म्हणालो, "अरे, मग दाखव की कोणाला."

तो म्हणाला, "दाखवले. त्याने पॅड बदलले. चार दिवस बरी चालली. आता पुन्हा तेच. पण थांबते ना गाडी! सीझन संपला की बघू."

"थांबते ना गाडी!" हे त्याचे शब्द मला आजही आठवतात.

पुढे पंधरा दिवसांनी तो रात्री भरल्या गाडीने घाट उतरत होता. बाजार गाठायची घाई. गाडी वरच्या गिअरमध्ये. पाय सारखा ब्रेकवर. थोड्या वेळाने जळका वास आला. त्याला वाटले, पुढच्या ट्रकचा असेल. मग एका वळणाआधी त्याने पेडल दाबले, तर पेडल लोण्यात सुरी जावी तसे खाली गेले. पार तळाला! गाडी थांबेना.

त्याचे नशीब की त्याचे डोके जागेवर राहिले. त्याने पेडल भराभर चार-पाच वेळा दाबले. थोडी पकड आली. गाडी चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकली. इंजिन ओरडले, पण वेग तुटला. एकीकडे हॉर्न चालू. मग हँडब्रेक हळूहळू ओढला. डोंगराच्या कडेला गटाराला चाक लावून गाडी उभी केली. क्लीनरने खाली उडी मारून चाकापुढे दगड लावले. पुढच्या एका चाकातून धूर निघत होता.

त्या दिवशी टोमॅटोला उशीर झाला. भाव गेला. पण पोरगा घरी आला. घरी त्याची दोन लहान मुले आहेत. मी त्याला काही बोललो नाही. त्यालाही बोलवत नव्हते.

मिस्त्रीचे प्रश्न

गाडी आम्ही एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने आल्या आल्या पाना उचलला नाही. आधी त्याने प्रश्न विचारले. चांगला डॉक्टर विचारतो ना, तसे.

"दादा, थरथर कुठे लागते? स्टिअरिंगला, पायाला की सीटखाली?"

"ब्रेक दाबल्यावरच लागते की नुसती पळवतानाही?"

"सकाळी गार गाडीला लागते की गाडी तापल्यावर?"

"गाडी एका बाजूला ओढते का?"

"चाक शेवटचे कधी काढले होते? ब्रेकचे ऑइल कधी बदलले?"

पुतण्याने पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे दिली. थरथर स्टिअरिंगला लागत होती. ब्रेक दाबल्यावरच लागत होती. गाडी तापल्यावर वाढत होती. गाडी जरा डावीकडे ओढत होती. शेवटच्या प्रश्नाला मात्र तो गप्प झाला. ऑइल कधी बदलले, हे त्याला आठवेना. कुठे लिहूनही ठेवलेले नव्हते.

मिस्त्री हसला आणि म्हणाला, "गुरुजी, रोग डाव्या पुढच्या चाकात आहे." चाक काढले, तर खरेच तिथे होता!

आता हे त्याला कसे कळले? त्यासाठी ब्रेक काम कसे करतो, ते आधी पाहू.

ब्रेक काम कसे करतो?

सायकलचा पंप घ्या. पुढचे तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा. दांडा थोडा आत जातो, कारण हवा दबते. आता त्याच पंपात पाणी भरा आणि दाबा. दांडा हलत नाही, कारण पाणी दबत नाही. इकडे दाबलेला जोर जसाच्या तसा तिकडे पोचतो. फ्रान्स देशात पास्कल नावाचा एक विद्वान होऊन गेला. त्याचा काळ सन १६२३ ते १६६२. बंद भांड्यातल्या पाण्यावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम त्याने सांगितला. त्याच नियमावर आपल्या गाडीचा ब्रेक चालतो.

तुम्ही पेडल दाबता. पेडलामागे मास्टर सिलिंडर असतो. तो ब्रेकचे ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकलतो. पिकअपच्या पुढच्या चाकांना बहुधा लोखंडी थाळी असते. तिला डिस्क म्हणतात. तिला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा असतो. तो कॅलिपर. चिमट्याच्या दोन ओठांना पॅड असतात. पेडल दाबले की पॅड थाळीला आवळतात. मागच्या चाकांत बहुधा ड्रम असतो. ड्रमच्या आत दोन शू असतात. त्यांवर लायनर असते. पेडल दाबले की शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात.

घासले की काय होते? तळहात तळहातावर घासून पाहा. ऊब येते. ब्रेकचेही तेच. गाडीचा वेग नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. वेग दुप्पट झाला, तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. चाळीसच्या वेगातून थांबताना जेवढी उष्णता होते, त्याच्या चौपट ऐंशीच्या वेगातून थांबताना होते.

आणि घाट? लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत गाडी सुमारे ५५० मीटर खाली उतरते. भरलेली पिकअप तीन टनांची धरा. एवढा उतार नुसत्या ब्रेकवर उतरली, तर जी उष्णता होईल, तिच्यावर ५० लिटर गार पाणी उकळेल! घरी एवढे पाणी तापवायला किती लाकूड लागते, ते भगिनींना विचारा. तेवढा जाळ त्या चार चाकांत पेटतो.

खरा रोग काय होता?

आता पुतण्याच्या गाडीकडे येऊ. कॅलिपरचा चिमटा दोन पिनांवर सरकतो. त्या पिनांना वंगण लागते. आपल्याकडे पावसाळा मोठा, खाडीची खारी हवा, रस्त्यावर पाणी. लोखंड गंजायला आणखी काय हवे? डाव्या चाकाच्या पिना गंजून अडकल्या होत्या. पाय काढला तरी चिमटा सुटत नव्हता. पॅड थाळीला घासतच राहत होते.

त्यामुळे थाळी सारखी तापत होती. तापून तापून ती कुठे जाड, कुठे पातळ झाली. केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक झाला, तरी तो पायाला आणि हाताला कळतो. जाड जागा आली की पॅड ढकलले जातात, पातळ आली की ढिले पडतात. म्हणून हिसके. म्हणून थरथर.

पहिल्या ठिकाणी नुसते पॅड बदलले. पिना पाहिल्याच नाहीत. ताप आलेल्या माणसाचे नुसते कपडे बदलावे, तसे झाले.

आणि पेडल तळाला का गेले? ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते ना, तसे. डबीवर डॉट तीन असे लिहिलेले ऑइल नवे असताना २०५ अंशांच्या आत उकळत नाही. तेच ओलावा शोषून जुने झाले, की १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. त्या रात्री अडकलेल्या चाकातले ऑइल उकळले. त्याची वाफ झाली. वाफ म्हणजे हवेसारखीच. ती दबते. पंपातली गोष्ट आठवा. पाय दाबतो, वाफ दबते, आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही.

पाहिलेत? थरथर ही पहिली खूण होती. गाडी पंधरा दिवस सांगत होती. आपण ऐकले नाही.

कोणती खूण, कोणता रोग?

प्रत्येक थरथरीचे कारण हेच असते असे नाही. मिस्त्रीने मला ज्या खुणा सांगितल्या, त्या अशा:

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते: बहुधा पुढची थाळी वाकडी किंवा कमीजास्त जाड झालेली असते. चाकाचे नट वेडेवाकडे, कमीजास्त आवळले, तरी असे होते. नट समोरासमोरचे, आळीपाळीने आणि सारख्या जोराने आवळावे.

सीटखाली थरथर लागते: बहुधा मागचा ड्रम गोल राहिलेला नसतो. मोकळ्या मैदानात, अगदी सावकाश चालवताना, हँडब्रेक हलका ओढून पाहावा. हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर असतो. तेव्हा थरथर लागली, तर रोग मागे आहे. रस्त्यावर हा प्रयोग करू नये.

ब्रेक न दाबताही गाडी थरथरते: मग आधी टायर, चाकाचा तोल, बेअरिंग पाहावे.

गाडी एका बाजूला ओढते: एका चाकाचा कॅलिपर अडकला असेल, लायनरला ग्रीस किंवा ऑइल लागले असेल, किंवा टायरची हवा कमीजास्त असेल. गाडी उभी केल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यावा. हात लावू नये, भाजेल! एकच चाक फार तापले असेल, तर चोर तिथे आहे.

पेडल पोचट लागते: नळीत हवा शिरली आहे. मिस्त्रीकडून हवा काढून घ्यावी.

पेडल दाबून धरले की हळूहळू खाली जाते: ऑइल गळते आहे, किंवा मास्टर सिलिंडर आतून खराब आहे. अशी गाडी हलवूच नये.

पेडल दगडासारखे कडक लागते: पायाला जोर देणारा बूस्टर चालत नाही. इंजिन बंद असले तरी असेच होते.

चाकातून खर्र खर्र आवाज येतो: पॅड संपले. लोखंड लोखंडाला घासते आहे. आज जे काम पॅडवर भागेल, ते उद्या थाळीवर जाईल.

रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी एकदम पकडते: थाळीवर, ड्रमवर गंजाचा पातळ थर धरतो. सावकाश चालवत चार-सहा वेळा ब्रेक दाबला की तो निघून जातो. नाही गेला, तर दाखवावी. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की ब्रेक पकडत नाही. तेव्हाही सावकाश चालवत हलका ब्रेक दाबून तो वाळवून घ्यावा.

एक गोष्ट मात्र रोग नव्हे. नव्या गाड्यांत एबीएस नावाची सोय असते. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला, तर चाक घसरू नये म्हणून ती ब्रेक भराभर सोडते आणि धरते. तेव्हा पेडल पायाखाली धडधडते. घाबरून पाय काढू नये. रोजच्या साध्या ब्रेकला धडधडले, तर मात्र दाखवावे.

बंधूंनो, या खुणा ओळखायला शिका. पण काम स्वतः करू नका. इंजिन बंद पडले तर गाडी उभी राहते. ब्रेक गेला तर ती उभी राहत नाही.

घाट कसा उतरावा?

जुन्या काळी बैलगाडी उताराला लागली, की गाडीवान बैलांना सावकाश घाली. उतारावर बैल उधळू देणारा गाडीवान कोणी शहाणा म्हणत नसे. मोटारीचेही तेच आहे.

घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार लागण्याआधी टाका. मग इंजिनच गाडीला मागे धरते. ब्रेकवर पाय सारखा ठेवू नका. वेग वाढला की नीट दाबा, वेग तुटला की सोडा. सोडल्यावर ब्रेकला गार व्हायला वेळ मिळतो.

काही जण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. काही तर इंजिनच बंद करतात. ही बचत नव्हे, हा जीवाशी जुगार आहे. इंजिन बंद केले की बूस्टरचा जोर दोन-तीन दाबांत संपतो. पेडल कडक होते. पॉवर स्टिअरिंग जड होते. आणि हल्लीची इंजिने उतारावर गिअरमध्ये असताना, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की डिझेल जवळजवळ घेतच नाहीत. मग न्यूट्रलने वाचले काय?

जळका वास आला, पेडल खाली जाऊ लागले, की जागा पाहून गाडी उभी करा. चाकांना दगड लावा. ब्रेक आपोआप गार होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका. थाळी आणि ड्रम तडकतात.

खंडाळ्याच्या घाटात जुन्या रस्त्याला शिंग्रोबाचे देऊळ आहे. जाणारे-येणारे ड्रायव्हर तिथे हात जोडतात, नाणे वाहतात. चांगली रीत आहे. हात जरूर जोडा. पण घरून निघताना ब्रेक तपासून निघा.

भगिनींनाही सांगणे आहे. लग्नाला, जत्रेला आपण पिकअपच्या मागे बसून जातो. ती मालाची गाडी आहे, माणसांची नव्हे. कायद्यालाही ते मान्य नाही. टोमॅटो सांडले तर पुन्हा पिकतात.

वहीची गोष्ट

मिस्त्रीने पिना साफ करून वंगण दिले, दोन्ही पुढच्या थाळ्या आणि पॅड बदलले, सगळे ऑइल नवे भरले. गाडी लोण्यासारखी थांबू लागली. पण निघताना तो म्हणाला, "गुरुजी, याला एक वही घेऊन द्या."

मी त्याच दिवशी वही घेतली. पुतण्या सातवी शिकलेला. पण लिहिण्याची सवय मोडली होती. आता तो तारीख लिहितो. गाडी किती किलोमीटर चालली, ते लिहितो. ऑइल कधी भरले, पॅड कधी बदलले, ते लिहितो. काही वेगळे जाणवले, तर तेही लिहितो. परवा वही पाहिली. एका पानावर होते: "आज ब्रेक दाबल्यावर बारीक आवाज. उजवे पुढचे चाक." दुसऱ्याच दिवशी त्याने गाडी दाखवली. पॅडमध्ये बारीक खडा अडकला होता. पाच मिनिटांचे काम.

ब्रेकचे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिले असेल, ते खरे धरावे. ऑइलच्या टाकीच्या झाकणावर कोणते ऑइल घालायचे, ते छापलेले असते. डॉट तीन की डॉट चार, ते वाचून घ्या. झाकणावरची अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. ती तीन अक्षरे आणि एक आकडा मी उद्या फळ्यावर लिहून देईन. दुकानदार म्हणाला म्हणून इंजिनचे ऑइल त्यात कधी घालू नका. त्याने आतली रबरे फुगतात आणि ब्रेक अडकतात.

तुम्ही कधी मला विचारता, "गुरुजी, या वयात अक्षर शिकून काय करायचे?" मी म्हणतो, एका झाकणावरची चार अक्षरे वाचता आली आणि वहीत एक ओळ लिहिता आली, तर घाटातली एक रात्र टळते.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. थरथर, ओढ, आवाज, वास ही गाडीची बोली आहे, ती ऐका. नुसता भाग बदलू नका, कारण विचारा. घाट गिअरवर उतरा. आणि जे केले, ते वहीत लिहा.

"थांबते ना गाडी!" असे म्हणू नका. "कशी थांबते?" असे विचारा.



उत्तरे सांगा

१. पुतण्याच्या गाडीची पहिली खूण कोणती होती?
२. नुसते पॅड बदलून रोग का गेला नाही?
३. जुने ब्रेक ऑइल घाटात का दगा देते?
४. घाट कोणत्या गिअरमध्ये उतरावा?
५. तुमच्या घरात गाडी, सायकल किंवा पंप असेल, तर त्याच्या वहीत आज कोणती एक ओळ लिहाल?